कायोटला हाळी

हार्लन स्टकीचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. गजर लावायची त्याला कधी गरज पडली नाही. डोळे उघडायचे, एकदा छताकडे बघायचं आणि पाय खाली सोडायचे. मे महिना असला तरी वायोमिंगच्या त्या माळावर पहाटे फरशी बर्फासारखी लागते, म्हणून तो मोजे घालूनच झोपायचा.

कॉफीपुरतं पाणी कॅनमधून पातेल्यात ओतायचं. कप विसळायचा तो घोटभर पाण्यात, आणि तेच पाणी टिलीच्या वाडग्यात. टिली म्हणजे कुत्री. ठेंगणी, मातकट रंगाची, एक कान फाटलेली. घरात नळ नव्हता, कधीच नव्हता. लग्न झाल्यापासून पाणी यायचं ते गावातल्या नळावरून, पिकअपच्या पाठीवरच्या टाकीत हिंदकळत. भरली टाकी असताना गाडी चढावर कशी रडते आणि रिकामी असताना कशी उड्या मारते, हे दोघांना पाठ होतं. दोघांना म्हणजे हार्लनला आणि त्याची बायको व्हर्ना हिला.

व्हर्ना फेब्रुवारीत गेली. सकाळी शेगडीपुढं बूट घालायला बसली. एक घातला, दुसरा हातातच राहिला.

"हार्लन, बोअर माझ्या हयातीत मारणार आहेस, की थडग्याशेजारी?" असं ती दरवर्षी विचारायची.

"या वर्षी."

"हे तू माझे केस लाल होते तेव्हापासून सांगतोयस."

मागच्या सुगीत मात्र हार्लननं खरोखरच बोअरवाल्या डेल्बर्टला अंगणात आणून उभं केलं होतं. पुढच्या सुगीत मशीन इथं लागलं पाहिजे, असं ठरवून हातावर हात मारला. व्हर्ना दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "आता डेल्बर्ट साक्षीला आहे. आता पळशील कुठं?"

दफनाच्या दिवशी हार्लन रडला नाही. लोक म्हणाले, खंबीर माणूस. खंबीर वगैरे काही नव्हतं. थंडीत तारेचं कुंपण ताणताना बोटं बधिर होतात, मग काटा घुसला तरी रक्त दिसेपर्यंत कळत नाही. त्याचं तसं झालं होतं, आणि रक्तही कुठं दिसत नव्हतं. डेल्बर्टला दिलेला शब्द तेवढा डोक्यात शिल्लक होता. तो का पाळायचा, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. पाळायचा होता, एवढंच.

त्याचं काम कायोट मारण्याचं. कायोट म्हणजे कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून किरकोळ जनावर. पण अकलेत दोघांनाही विकून खाईल. मेंढीवाल्यांच्या मंडळानं हार्लनला पगारावर ठेवलं होतं, वसंतापासून सुगीपर्यंत. मेंढ्या माळावर वितात तेव्हाच कायोटच्या बिळात पिल्लं असतात. पिल्लांची तोंडं भरायची म्हणून नर-मादी कोकरांवर पडतात. एकटादुकटा कायोट ससा-उंदरावर भागवतो. पिल्लंवाली जोडी भागवत नाही.

लोकांना वाटतं, तोंडात पिपाणी धरून मरत्या सशासारखं कण्हलं की कायोट धावत येतो. येतो, मूर्ख असला तर. मेहनत पिपाणीत नसते, ती त्याच्या आधीच्या चालण्यात असते. गाडी लांब ओढ्यात लपवायची, दार लोटायचं, आपटायचं नाही. वारा तोंडावर घेत चालायचं. सूर्य उगवेल तो पाठीशी येईल अशी जागा धरायची. सेजच्या, म्हणजे माळावर सगळीकडे उगवणाऱ्या करड्या खुरट्या झुडपाला पाठ लावून बसायचं आणि बसलं की हलायचं नाही. नाकावर डास बसला तर तो तिथंच जेवून जातो. हे सगळं नीट केलं तर हाळी कशीबशी दिली तरी चालते. हे चुकलं तर देवाच्या गळ्यानं हाळी दिली तरी माळ रिकामा राहतो.

आणि एकदा कायोटनं हाळी ऐकून माणूस बघितला, की तो शहाणा झाला. त्याला परत तीच हाळी देणं म्हणजे चोराला फोन करून येतोय म्हणून कळवण्यासारखं.

पिल्लांच्या दिवसांत हार्लन कुत्रीही वापरायचा. टिलीचं काम सोपं होतं आणि जिवावरचंही. तिनं पुढं माळावर फिरायचं. बिळाजवळ परकं कुत्रं दिसलं की कायोटची जोडी चवताळून अंगावर येते. टिलीनं मग शेपूट घालून उलट पळायचं, आणि जोडीला मागं लावून थेट बंदुकीपुढं आणायचं. फाटका कान त्यातलाच.

या कामाला व्हर्ना बरोबर यायची. तिला शिकारीचं काही वेड नव्हतं. "घरी बसून काय करू, रिकाम्या नळाकडे बघू? तोही नाही," म्हणायची. निळा जाड कोट घालून ती हार्लनच्या मागं आठदहा पावलांवर बसायची आणि कायोट त्याच्या आधी बघायची. ती डावखुरी; डाव्या हातानं एक खडा टाकला की कायोट डावीकडे, दोन टाकले की उजवीकडे. ती बोलायची म्हणून गावात नावाजलेली बाई, पण तिथं तासतास तोंड मिटून असायची.

या वर्षी निळा कोट पिकअपमध्ये तिच्या सीटवर पडून होता. फेब्रुवारीपासून तिथंच. हार्लननं तो उचलला नव्हता. उचलून ठेवायचा कुठं, हा प्रश्न होता.

मेच्या मध्यावर ड्राय क्रीकच्या कुरणात कोकरं मरायला लागली. कळप डॉमिंगो उर्रुटीचा. तो मंडळाचा अध्यक्षही होता. त्याचा आजा स्पेनकडच्या बास्कांच्या डोंगरातून मेंढ्या राखायला आला होता. नातू आता नव्या ट्रकमधून मेंढ्या बघायचा. खरं राखायचं काम पेरूहून आलेल्या तेओफिलोकडे. चाकांवरच्या एका लहानशा गाडीत तो माळावर एकटा राहायचा, बरोबर दोन पांढरी राखणीची कुत्री आणि एक रेडिओ.

हार्लन गेला तेव्हा तेओफिलोनं मेलेली कोकरं ओळीनं मांडून ठेवली होती. हार्लन गुडघ्यावर बसला. चाकूनं एकेकाच्या गळ्याची कातडी सोलून आतून बघितली. दातांची भोकं, भोवती काळंनिळं. थंडीनं मेलेल्या कोकराला कोणी नंतर फाडलं तर असं रक्त साकळत नाही. जिवंत धरलेलं.

"जोडी आहे," हार्लन म्हणाला. "एक धरतो, दुसरा पोट फाडतो."

"मी पण तेच म्हणालो मालकाला," तेओफिलो म्हणाला. "मालक म्हणाला, तू मेंढपाळ आहेस की डॉक्टर?"

मालक तिथंच ट्रकला टेकून उभा होता. "हार्लन, तू जुना माणूस. तुझं वाईट झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण माझी कोकरं रोज जातायत."

"दिसतंय."

"मेंढ्या डोंगरावर चढवायच्या आत ही जोडी गेली पाहिजे. नाहीतर मी विमानवाल्याला बोलावतो. तो वरून बार टाकतो आणि दुपारी घरी जेवायला जातो. मंडळातले बाकीचे आधीपासून तेच म्हणतायत. आणि एकदा विमान लावलं की वर्षभराचं लावावं लागतं. मग तुला काय म्हणून ठेवायचं?"

हार्लननं चाकू गवताला पुसला. विमान आलं म्हणजे त्याचा पगार जूनलाच बंद, आणि डेल्बर्टचं मशीन दुसऱ्या कुणाच्या अंगणात. तो म्हणाला, "बघतो."

"बघू नकोस, मार," उर्रुटी म्हणाला आणि ट्रकमध्ये बसला.

दुसऱ्या पहाटे हार्लननं ओढ्याच्या तोंडाशी उभं राहून कायोटसारखी लांब कोल्हेकुई दिली. उत्तर खडकांच्या रांगेतून आलं. दोन आवाज, एक जाड, एक बारीक. बिळाची दिशा कळली. दिवसभर त्यानं दुर्बिणीतून जागा पाहून ठेवली आणि त्याच्या पुढच्या पहाटे कामाला गेला. तेओफिलोनं ठरल्याप्रमाणे पांढरी कुत्री बांधली होती; हाळीच्या दिवशी तसा रिवाजच. नाहीतर पहिली तीच धावत येतात.

सगळं बरोबर झालं. गाडी ओढ्यात, वारा तोंडावर, ऊन पाठीला. टिलीला त्यानं पुढं सोडलं. जरा वेळानं पिपाणीतून पिल्लाचं केकाटणं काढलं, दोनदाच. खडकांकडून दोन करडे ठिपके सुटले. टिली वळली, कान मागं टाकून पळत सुटली. ठिपक्यांची जनावरं झाली. हार्लननं रायफल गुडघ्यावर टेकवली आणि श्वास अर्धा सोडून धरला.

टिली त्याच्याकडे येत होती, येत होती, आणि मध्येच डावीकडे वळली. ओढ्याकडे. पाठोपाठ जोडीही वळली. झुडपांच्या वर त्यांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. नेम धरायला काही नव्हतं. ओढ्याच्या काठावर नर जागीच थबकला. खाली पिकअप, रबर, डिझेल, माणूस. त्यानं मान वळवून थेट हार्लन बसला होता त्या झुडपाकडे बघितलं, आणि दोघं अशी गेली, की माळावर ती कधी होतीच की नाही असं वाटावं.

हार्लन ओढ्यात उतरला. टिली पिकअपच्या उजव्या, व्हर्नाच्या बाजूच्या दाराशी मागच्या पायांवर उभी राहून पत्रा ओरबाडत होती. जीभ बाहेर, मांडीवर एक दात लागलेला. त्यानं दार उघडलं. ती उडी मारून निळ्या कोटावर जाऊन पडली आणि धापा टाकत राहिली.

इतकी वर्षं त्याला वाटायचं, कुत्री बंदुकीकडे येते. आपण शिकवलं, म्हणून येते. ती बंदुकीकडे कधी आलीच नव्हती. बंदूक वाटेत होती, इतकंच. ती मागं बसलेल्या बाईकडे यायची.

हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं वाट बघितली, आतून काहीतरी येईल म्हणून. काही आलं नाही. त्यानं टिलीच्या मांडीला आयोडिन लावलं आणि गाडी सुरू केली.

बातमी माळावर माणसाआधी पोचते. दोन दिवसांनी उर्रुटी ट्रकची काच खाली करून म्हणाला, "ऐकलं की शिकारी कुत्री गाडीत जाऊन बसली. तू पण बसायचंस शेजारी. हीटर लावायचा."

"गेली एकदा," हार्लन म्हणाला.

"जोडी शहाणी झाली?"

"झाली."

"मग?"

"कळप चढायला अवकाश आहे."

"आठवडा आहे. मी विमानवाल्याशी बोलून ठेवलंय, हार्लन. तुझ्या पाठीमागं बोललो असं नको, म्हणून तोंडावर सांगतो."

त्या आठवड्यात हार्लननं हाळी दिली नाही. जागेला विसावा दिला. फक्त चालला. ड्राय क्रीकला मोठा वळसा घालून रोज पलीकडच्या अंगानं रांगत वर जायचं, दुर्बीण लावायची, तसंच मागं रांगत यायचं. या वयात तासभर रांगून दाखवा, मग गुडघे म्हणजे काय ते कळेल. बीळ त्याला सापडलं. मादी सकाळी कोणत्या बाजूनं येते तेही कळलं. आणि घराच्या अंगणात टिलीला त्यानं पुन्हा पुन्हा लांब सोडून बोलावून बघितलं. मटणाचा तुकडा दाखवून बघितला. ती तुकडा खायची आणि पिकअपच्या दाराशी जाऊन बसायची.

शनिवारी पहाटे तो कॉफी प्याला, बाहेर आला, पिकअपचं उजवं दार उघडलं आणि निळा कोट उचलून अंगात घातला. बायकी कोट. खांद्यात आवळत होता, बाह्या कोपराखाली संपत होत्या, बटणं लागत नव्हती. त्यानं वरून दोरी बांधली. कोटाला तिच्या हाताच्या मलमाचा आणि डिझेलचा वास होता. टिली आळीपाळीनं त्याच्याकडे आणि रिकाम्या सीटकडे बघत राहिली.

वाटेत तेओफिलोकडे कुत्री बांधली का ते बघायला थांबला. तेओफिलो कंदील घेऊन खाली आला, हार्लनला बघून हसू लागला.

"डॉन हार्लन!" त्याच्या भाषेत हार्लनराव. "बाईचा कोट? लग्नाला चाललात?"

"थंडी आहे."

"आमच्याकडे पण थंडीत म्हातारे..." तेओफिलो पुढं काही विनोद करणार होता. त्यानं कंदील जरा वर धरला, कोटाकडे नीट बघितलं आणि कंदील खाली केला. मग म्हणाला, "कुत्री बांधली आहेत. आल्यावर सूप घ्या. बटाट्याचं आहे."

या खेपेला गाडी त्यानं तेओफिलोच्या गाडीजवळच ठेवली आणि सगळी वाट पायी काढली. रायफल, फावडं, पाणी, कोट. पलीकडच्या अंगानं, वारा गालावर घेत. बिळापासून बंदुकीच्या टप्प्यात, पण इतकं जवळ की चूक झाली तर पुन्हा संधी नाही. कोल्हेकुई दिली नाही. ती आता त्या दोघांना ओळखीची होती. पिपाणीही तोंडात धरली नाही. टिलीच्या पाठीवर हात ठेवला, उचलला. ती गेली.

उजाडलं. बराच वेळ काही नाही. एक ससाणा दोनदा वरून गेला. मग त्यानं ओठ हाताच्या पाठीला लावून हवा आत ओढली. भुकेलं पिल्लू कुरकुरतं तसा बारीक आवाज, एकदाच. त्या आवाजाला माणूस बघून शहाणा झालेला कायोटदेखील घरी बसू शकत नाही. निदान मादी नाही.

टिली उताराच्या कडेवर दिसली ती पळतच. मागं मादी, तिच्या मागं थोडा बाजूनं नर. या खेपेला ती कुठं वळली नाही. निळ्या रंगाकडे सरळ रेघ मारल्यासारखी आली, हार्लनच्या पायांवरून उडी मारून कोटाच्या ओच्यात शिरली आणि थरथरत राहिली. मादी तिच्या मागं इतकी जवळ होती की हार्लनला तिच्या जिभेवरची थुंकी दिसली. त्यानं गोळी झाडली. मादी बसल्यासारखी खाली गेली. नर वळला. पळता पळता मागं काय झालं ते बघायला तो एकदा थांबला. सगळे थांबतात. ते ठाऊक असणं हेच निम्मं काम. दुसरी गोळी.

मग माळ शांत झाला आणि टिलीच्या धापा तेवढ्या ऐकू येत राहिल्या.

त्यानं दोन्ही पोटं फाडून बघितली, कारण न बघता जोडी हीच म्हणून सांगणं हे अर्धवट काम. दोघांत कोकराची लोकर होती. मग तो बिळाकडे गेला. तिथलं कामही केलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ते केलं नाही तर पिल्लं उपाशी मरतात, आठवडाभर लागतो. त्यानं फावड्यानं तोंड बुजवलं, वर दगड ठेवला. व्हर्ना असती तर या वेळेला ती गाडीकडे चालू लागलेली असायची आणि घरी पोचेपर्यंत बोलायची नाही. आता कुणी न बोलता चाललेलं नव्हतं. तो एकटाच न बोलता चालला.

तेओफिलोकडे सूप घेतलं. गरम होतं. चव लागली नाही, पण वाडगा रिकामा केला.

उर्रुटी दुपारी आला. दोन्ही कातडी बघितली, लोकर बोटांत चुरून बघितली. "कोट कसला घातलायस?"

"बायकोचा."

उर्रुटीनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "दोन दिवस कोकरं राहतायत का बघू," म्हणाला. कोकरं राहिली. त्या आठवड्यात राहिली, पुढच्याही. विमानवाल्याला त्यानं फोन करून नको म्हणून सांगितलं. मंडळातल्या कुणीतरी कुरकुर केली तेव्हा म्हणाला म्हणे, "विमान बाईचा कोट घालतं का?" त्याला स्वतःचा विनोद फार आवडला. महिनाभर सांगत होता.

हार्लनचा पगार सुगीपर्यंत चालू राहिला.

सप्टेंबरात डेल्बर्ट मशीन घेऊन आला. अंगणात उभा राहून त्यानं एकदा घराकडे बघितलं, एकदा हार्लनकडे. "हे बघ, मी शब्दावरून भांडणारा माणूस नाही. एकट्याला किती पाणी लागतं? टाकीवर भागतंय की तुझं. तू म्हणालास तर मी मशीन वळवतो."

"लाव."

"मी तुझ्या भल्याचं सांगतोय, म्हाताऱ्या."

"ऐकलं. लाव मशीन."

खालचा खडक कठीण लागला. दिवसभर घरातली ताटं आपसूक वाजत होती. टिली पलंगाखाली जाऊन बसली. हार्लन मशीनपाशी उभा राहून बाहेर येणारा चिखल चिमटीत घेऊन बघायचा. आधी लाल, मग करडा, मग पांढरट. पाणी लागलं तेव्हा डेल्बर्ट ओरडला. हार्लननं मान हलवली. पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास होता. डेल्बर्ट म्हणाला, उडेल काही दिवसांत. हार्लन म्हणाला, नाही उडालं तरी चालेल.

नळ बसवायला डेल्बर्टचा जावई आला. स्वयंपाकघरातल्या मोरीवर वाकून त्यानं विचारलं, "तोटी कुठल्या बाजूला वळवू?"

"डावीकडे."

"डावखुरे आहात?"

"नाही."

जावयानं वर बघितलं. तोटी डावीकडे बसवली, पाणी सोडून दाखवलं, बंद केलं.

वसंतापासूनचा पगार एवढ्यात गेला: जमिनीत एक खोल भोक, त्यात लोखंडी पाइप, वर एक पंप, आणि व्हर्नाच्या डाव्या हाताला येईल असा एक नळ.